पायाची पकड : घट्ट किती, सैल किती



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला आमंत्रण दिले तेव्हा त्यांच्या मनात ‘कामगार चळवळ : काल, आज आणि उद्या’ असा काहीसा विषय होता. आम्ही त्यांना म्हटले, या विषयावर आम्ही गेली तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभे राहून बोलतच आहो. ज्यांना ऐकायचे होते त्यांनी ते ऐकले आहे, आणि ज्यांना ऐकायचे नव्हते ते या मंडपातही येणार नाहीत. यंदा आम्हांला बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांवर बूट ज्या पकडीने बसवतात, त्या पकडीविषयी बोलू द्या. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. वैशाखाचे ऊन म्हाताऱ्याच्या डोक्यात गेले, असे त्यांना वाटले असावे. पण ते भले गृहस्थ. त्यांनी पत्रिकेत विषय छापला, आणि आपणही एवढ्या उकाड्यात बर्फाची गोष्ट ऐकायला आलात, याबद्दल दोघांचेही आभार.

आधीच कबूल करतो की, आम्ही स्कीवर कधी उभे राहिलो नाही. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे फिटरच्या बाकावर आणि नगरवाचनालयात झाले. तरी स्प्रिंग, दट्ट्या, तरफ आणि घर्षण या चार गोष्टींशी आमची जन्माची ओळख आहे, आणि ज्या वस्तूविषयी आज बोलायचे ती या चार गोष्टींचीच बनलेली आहे. स्कीला ही वस्तू बाइंडिंग म्हणतात. आम्ही तिला पकड म्हणू.

हा विषय आमच्याकडे आला कसा, ते सांगतो. आमच्या युनियनमधील एका फिटरचा मुलगा शिकून कॅनडात कॅल्गरीला नोकरीस गेला. तेथून बॅन्फचे डोंगर मोटारीने फार तर दोन तासांवर. मुलगा तरुण, हिवाळाभर घरात किती बसणार? स्की शिकला, आणि दोन वर्षांत उड्या मारू लागला. पट्ट्या आणि पकडी त्याने कोणाकडून तरी जुन्या घेतल्या आणि पकडीचा स्क्रू स्वतःच पेचकसाने पिळला. तिसऱ्या हिवाळ्यात एका उडीनंतर तो पिळवटून पडला. पट्टी बर्फात रुतली, शरीर फिरले, आणि पकड सुटली नाही. नडगीचे हाड पीळ पडून मोडले. मुलगा कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा बापाने त्याला एकच वस्तू आणायला सांगितली होती : ती पकड. दुसऱ्या दिवशी ती रुमालात गुंडाळून तो फिटर आमच्या कचेरीत आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, “बघा. स्क्रू बरोबर आहे, स्प्रिंग शाबूत आहे. मग सुटली का नाही?”

त्या प्रश्नावर आमचे सहा महिने गेले.

पकडीचे काम काय, असे विचारले तर कोणीही सांगेल की, बूट पट्टीला धरून ठेवणे. हे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर माणसाला सापडायला जवळजवळ शतक लागले. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतातल्या सोंद्रे नोर्हाइम या गरीब माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिळलेल्या फांद्यांचे कडे टाचेमागून घालून पाय पट्टीला नीट बांधला, आणि त्यामुळे वळणे व उड्या शक्य झाल्या. पुढे फांदीच्या जागी चामडे आले, चामड्याच्या जागी लोखंड आले, आणि १९३०च्या सुमारास टाचेमागून ताणलेली तार आली. दर पिढीला पकड अधिक घट्ट होत गेली. पकड घट्ट झाली की पट्टीवर हुकमत येते, हे खरे. पण पट्टी म्हणजे पायाला जोडलेली दीड-दोन वार लांब तरफ आहे. ती रुतली आणि माणूस फिरला की तरफेचा सारा जोर हाडावर येतो. तारेच्या त्या पकडींना पश्चिमेत अस्वलाचा सापळा म्हणत. नाव कोणी ठेवले ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याचा पाय मोडला असणार.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात यालमार व्हाम नावाचा नॉर्वेहून आलेला नामांकित स्कीपटू होता. १९३७ साली माउंट हूडवर त्याचा पाय मोडला. इस्पितळात भुलीतून जागा होताच त्याने कागद-पेन्सिल मागितली आणि सुटणाऱ्या पकडीचे चित्र काढले, अशी गोष्ट सांगतात. त्याने ती पकड बनवून विकलीही. फ्रान्समध्ये ज्यां बेल याने ‘लुक’ कंपनी काढून १९५०च्या सुमारास ‘नेव्हाडा’ ही चवड्याकडची पकड आणली. जर्मनीत हान्नेस मार्करने १९५२-५३ साली आपल्या पकडी आणल्या. आन्सी गावात सालोमोन कुटुंब करवतीची पाती आणि पट्ट्यांच्या पोलादी कडा करता करता पकडींकडे वळले. यांतील मार्कर, लुक आणि सालोमोन ही नावे आजही दुकानांत दिसतात. ही सारी माणसे विद्यापीठांतली नव्हेत, कारखान्यांतली आणि डोंगरांवरची होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. यात आमचा थोडा पक्षपात आहे, तो आपण समजून घ्यावा.

आता ती पकड उघडू या. आम्ही आणि तो फिटर, दोघांनी ती त्याच्या घरच्या व्हाइसमध्ये धरली. आधी स्क्रू पूर्ण सैल केला, कारण दाबलेली स्प्रिंग कोंडलेल्या मांजरासारखी असते. चवड्याकडच्या भागात एक जाड स्प्रिंग आणि तिच्या जोरावर सरकणारा दट्ट्या. बूट आडवा ढकलला गेला की पकडीचा जबडा फिरतो आणि स्प्रिंग दाबली जाते. ठराविक मर्यादेपर्यंत जोर आला आणि ओसरला, तर जबडा बुटासकट परत मध्यावर येतो. मर्यादा ओलांडली, तर बूट सुटतो. या जाण्यायेण्याच्या अंतराला आम्ही लवचिक वाट म्हणू. टाचेकडचा भाग तसाच, पण तो वरच्या दिशेने सुटतो, म्हणजे माणूस पुढे तोंडावर पडला की. शिवाय टाचेचा सारा भाग एका रुळावर बसलेला असून मागून एक स्प्रिंग त्याला पुढे रेटीत असते. याचे कारण असे की, पट्टी खड्ड्यात वाकते तेव्हा चवडा आणि टाच यांच्या पकडींमधले अंतर बदलते. टाच रुळावर सरकली नाही तर बूट एकदा चेपेल आणि एकदा ढिला पडेल. हा पुढचा रेटा बरोबर आहे की नाही हे दाखवणारी खूण मागे असते. बुटाचा तळवा बदलला की ही खूण पुन्हा पाहायची असते. आमच्या मुलाने बूट बदलले होते. खूण पाहिली नव्हती.

पण आम्हांला खरा अपराधी सापडला तो स्प्रिंगेत नाही. चवड्याखाली एक छोटी सरकती पट्टी असते. बूट आडवा सुटताना तळव्याला घर्षण होऊ नये म्हणून ती बुटाबरोबर सरकते. माणूस पडताना चवड्यावर भार असेल तर हे घर्षण भलतेच वाढते, आणि स्प्रिंगेला जे काम द्यायचे त्यात घर्षणाची भर पडते. त्या पकडीतली ती पट्टी वाळूच्या कणांनी जाम झाली होती, बोटाने हलत नव्हती. आतले ग्रीस सुकून मेणासारखे झाले होते. आणि खिडकीतला काटा बारावर होता. फिटर काही बोलला नाही. त्याने ती पट्टी रॉकेलमध्ये टाकली आणि हात धुवायला गेला.

तो बाराचा आकडा म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे, कारण सारा घोटाळा तेथेच आहे. पकडीवर एक मापपट्टी असते. जर्मन मानकसंस्थेच्या नावावरून तिला सर्रास ‘डिन’ म्हणतात. आज त्यामागे आंतरराष्ट्रीय मानके आहेत. आकडा जितका मोठा, तितका सुटायला जोर अधिक. हा आकडा शौर्याचा नाही. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि घसरण्याची तऱ्हा यांवरून कोष्टकात पाहायचा असतो. तऱ्हा तीन : सावकाश घसरणारा, मध्यम, आणि वेगाने वा आडदांडपणे घसरणारा. तळवा लांब असला तर आकडा कमी येतो, कारण लांब तरफेला कमी जोर पुरतो. हे आमच्या पानेवाल्या मंडळींना सांगायला नको. आमच्या मुलाचे वजन ७० किलो, उंची १७२ सेंटिमीटर, तळवा ३०५ मिलिमीटर. कोष्टक त्याला पहिल्या तऱ्हेत साडेपाच, दुसरीत साडेसहा आणि तिसरीत आठ देते. तिसरीच्या पुढे बारा हा आकडा कोठून आला? तो त्याने एका पटाईत खेळाडूच्या पकडीवर पाहिला होता.

याच कोष्टकात एक कलम आहे, ते वाचून आम्ही थोडे हिरमुसलो. पन्नाशी गाठली की एक ओळ वर जायचे, म्हणजे आकडा कमी करायचा. हाड जुने झाले की ते लवकर मोडते, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या वयाचा, त्या मुलाच्याच अंगकाठीचा, तिसऱ्या तऱ्हेचा माणूस असला तर त्याला आठ नाही, साडेसहाच. निवृत्तीचे वय ठरवणाऱ्यांनी असा एखादा तक्ता करून पाहावा, असे वाटून गेले. असो.

खिडकीतला आकडादेखील शेवटचा शब्द नव्हे. जुनी स्प्रिंग, सुकलेले ग्रीस, घासलेला तळवा, जाम झालेली पट्टी, यांनी खरा जोर निराळाच निघतो. म्हणून चांगल्या दुकानात बूट पकडीत घालून यंत्राने पीळ देतात आणि ती प्रत्यक्षात किती जोराला सुटते हे मोजून कोष्टकाशी ताडून पाहतात. जुनी पकड घ्यायची तर आणखी एक विचारावे. आपण ज्यांची जबाबदारी घेतो अशा पकडींच्या याद्या कंपन्या दरवर्षी दुकानांना देतात. जी पकड यादीतून गेली, तिला समंजस कारागीर हात लावत नाही. स्वस्त मिळते ती बहुधा अशीच असते.

आता फ्रीस्टाइल आणि ऑल-माउंटन. पहिल्या प्रकारात उड्या, कोलांट्या, लोखंडी कठड्यांवरून घसरणे, उलटे म्हणजे पाठ पुढे करून उतरणे हे सारे येते. अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांत पोरांनी हा हुडपणा सुरू केला. १९९२ साली त्यातला उंचवट्यांवरून घसरण्याचा प्रकार ऑलिंपिकमध्ये पदकाचा झाला, आणि २०१४ साली उड्यांच्या मार्गाचे व अर्धनळीचे खेळ आले. दोन्ही टोकांना वर वळलेल्या पट्ट्या १९९८च्या सुमारास बाजारात रुळू लागल्या, आणि उलटे उतरणे सर्रास झाले. दुसरा प्रकार म्हणजे एकाच जोडीने डोंगरावर मिळेल त्या बर्फावर घसरणे : सकाळी टणक, दुपारी ओला, झाडीत भुसभुशीत.

फ्रीस्टाइलवाल्याचे भय वेगळे आहे. पडताना पकड सुटणार नाही, याचे भय त्याला नाही. नको तेव्हा सुटेल, याचे आहे. उडी मारण्याच्या क्षणी, किंवा उतरताना एक टाच आपटली तेव्हा पकड उघडली, तर तो एका पट्टीवर वीस फूट उंचीवरून खाली येतो. हे भय खोटे नाही, आणि त्याची टिंगल करणाऱ्याला आम्ही मान देणार नाही. पण या भयावर जो उपाय तो करतो, तो चुकीचा. पकड अवेळी सुटण्याची कारणे बहुधा इतरत्र असतात : पुढचा रेटा चुकलेला, तळव्याखाली बर्फ दाबून बसलेला, बुटाची टोके झिजलेली, नाही तर पकडीची लवचिक वाटच तोकडी. हा पठ्ठ्या मात्र पेचकस काढून आकडा वाढवतो. रोग एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी.

म्हणून या खेळासाठी पकड निवडताना पहिला प्रश्न लवचिक वाटेचा. धक्का घेऊन परत मध्यावर येणारी पकड कमी आकड्यावरही धरून ठेवते. लुकच्या ‘पिव्हट’ जातीला उड्या मारणारे इतके का मानतात, ते यातून कळते. तिची टाच एका फिरत्या तबकडीवर बसलेली असते. पाय पिळला की टाच बुटाबरोबर फिरते, फिरण्याचा आस नडगीच्या रेषेजवळ राहतो, आणि तिचे पट्टीवरचे बूड लहान असल्याने पट्टी मोकळेपणी वाकते. टाच घालताना ती तबकडी नेमकी बरोबर फिरलेली असावी लागते, ही तिची कटकट. मार्करची ‘ग्रिफन’ किंवा टिरोलियाची ‘अटॅक’ यांत टाच रुळावरची असते. चढवायला सोपी, आणि बूट बदलला तरी मोठ्या फरकापर्यंत जुळवून घेते. ऑल-माउंटनवाल्याला, ज्याच्या घरात दोन-तीन बूट एका जोडीवर चालतात, त्याला हीच सोयीची.

दुसरा प्रश्न मर्यादेचा. ग्रिफन ४ ते १३ आकड्यांची, मार्करचीच ‘जेस्टर’ ६ ते १६ची, मोठी पिव्हट ८ ते १८ची. आपला आकडा पकडीच्या मर्यादेत मध्याच्या आसपास पडावा. आठवाल्याने १८ची पकड घेतली तर तो तिच्या तळाशी बसतो. पैसे जास्त, वजन जास्त, फायदा काही नाही. आम्ही दुकानाबाहेर उभे असतो तर त्याला सांगितले असते की, बाबा, तुला शंभर टनांचा प्रेस चमचे ठोकायला कशाला?

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. पकड सुटली की पट्टी उतारावर धावत सुटू नये म्हणून तिला दोन ब्रेक असतात; ते पट्टीच्या कमरेपेक्षा थोडे रुंद घ्यावे, फार रुंद घेतले तर वळताना बर्फात घासतात. पूर्वी ब्रेकऐवजी पट्टा पायाला बांधत. सुटलेली पट्टी मग पडलेल्या माणसाभोवती गरगर फिरून त्यालाच कापी. बुटाच्या तळव्यांच्या जाती आता अनेक झाल्या आहेत : कडक सपाट, चालण्यासाठी रबरी गोलसर, चढाईचे. पकडीवर जी खूण असेल तीच जात चालते; ‘बसते’ आणि ‘चालते’ यांत फरक आहे. भोके पाडायची ती कारागिराकडूनच. उड्या मारणारा बूट पट्टीच्या मध्याजवळ बसवून घेतो, म्हणजे ती दोन्ही दिशांना सारखी फिरते. डोंगरभर हिंडणारा काही सेंटिमीटर मागे, म्हणजे भुसभुशीत बर्फात टोक वर राहते. दोन्ही हवे असेल तर मधली जागा घ्यावी आणि दोन्हींतले थोडे थोडे गमवावे.

आता जे आम्ही बोलण्याचे टाळत होतो, ते. आमच्या पहिल्या कारखान्यात — नाव घेत नाही — प्रेसला दोन बटने होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच हातोडा खाली येई. हेतू असा की दोन्ही हात बाहेर असावेत. आमचा एक दोस्त एका बटनात लाकडाची पाचर ठोकून ठेवी आणि एका हाताने काम ओढी, कारण नगावर पैसे होते. एका रात्रपाळीत त्याची तीन बोटे गेली. चौकशीत साहेब म्हणाले, कामगारानेच पाचर मारली. आम्ही म्हटले, हो, मारली. पण तासाला किती नग हा आकडा भिंतीवर कोणी लिहिला होता? तेथपासून आम्ही युनियनचे झालो.

त्या मुलाला आम्ही हीच गोष्ट सांगितली आणि विचारले, तुला तर कोणी नगावर पैसे देत नव्हते. मग तुझ्या भिंतीवर आकडा कोणी लिहिला? तो बराच वेळ कुबडीच्या रबराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, उडीचे चित्रण मित्र फोनवर घेत होता. पट्टी मध्येच सुटली असती तर सगळे हसले असते.”

आम्ही पुढे काही बोललो नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चांगली पकड घेतली म्हणजे पाय सुरक्षित झाला, असे नाही. अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात शुगरबुश येथे जॉन्सन, एटलिंगर आणि शीली या संशोधकांनी १९७२पासून वर्षानुवर्षे स्कीवरील अपघातांची नोंद ठेवली. पकडी सुधारल्या तशी नडग्या मोडण्याची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटली. पण गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण तसे घटले नाही. पुढील वर्षांत ते वाढलेच. पकड नडगीसाठी घडवली होती. मागे बसत पडणाऱ्या माणसाच्या गुडघ्यावर जो पीळ येतो, तो तिला नीट कळत नाही. टाच बाजूलाही सुटेल अशा पकडी काही जणांनी काढल्या आहेत, पण त्या अजून सर्वांच्या पायांत गेलेल्या नाहीत. म्हणजे एका हाडाचे रक्षण झाले आणि भार शेजारच्या सांध्यावर गेला. एका खात्यातला धूर काढायला पंखा बसवावा आणि तो शेजारच्या खात्यात जावा, तसे.

आणि पडलेल्यांना खाली आणतात ते कोण? डोंगरावरचे हिमरक्षक. २७ डिसेंबर २०२४ रोजी यूटा राज्यातील पार्क सिटीच्या सुमारे दोनशे हिमरक्षकांनी ऐन हंगामात पगारवाढीसाठी संप केला आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात करार करून ते कामावर परतले. विषयाला सोडून झाले, पण आमच्याकडून हे न सांगता राहवत नाही.

मुलाचे हाड जुळले. पुढल्या हिवाळ्याआधी त्याने नवी पकड घेतली, आणि कोणती घ्यावी यावर बापलेकांत फोनवर दोन रविवार वाद झाला. मुलाला पिव्हट हवी होती. बाप म्हणत होता, तुझे बूट अजून दोनदा बदलतील, तू रुळाची घे. शेवटी त्याने ४ ते १३ची ग्रिफन घेतली, कारण आठवड्यात एक दिवस उड्या आणि एक दिवस डोंगर असा त्याचा बेत होता. दुकानात यंत्रावर पीळ देऊन मोजून घेतली. आकडा? त्याने स्वतःला दुसऱ्या तऱ्हेत लिहिले, साडेसहा. हंगामात एकदा ती त्याला नको असताना सुटली. त्याने पेचकस न काढता दुकान गाठले, तर पुढच्या रेट्याची खूण चुकलेली निघाली. हे त्याने बापाला फोनवर सांगितले तेव्हा आम्ही शेजारीच बसलो होतो. फिटरने फक्त विचारले, “चवड्याखालची पट्टी पुसतोस का?”

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. ती जुनी पकड आम्ही आणली आहे. ती येथे टेबलावर ठेवतो. स्क्रू सैल केलेला आहे, पट्टी आता सरकते. ज्यांना पाहायची असेल त्यांनी सभा संपल्यावर यावे, जबडा हाताने फिरवून पाहावा. लहान मुलांना मात्र टाचेच्या भागात बोट घालू देऊ नका. ती स्प्रिंग अजून चांगली आहे.